लेखकांना किती टक्के, डेव्हलपर्सना किती? आधी खिसे वेगळे करा

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न काय होता ते आधी थोडक्यात सांगते. पस्तीस-चाळीस लिहिणारे आणि फोटो काढणारे, सोबत चार डेव्हलपर, असे सगळे मिळून हाईव्ह ब्लॉकचेनवर (जिथे पोस्टला व्होट पडले की क्रिप्टो नाण्यांत पैसे मिळतात) मराठी कम्युनिटी सुरू करतायत, स्वतःचं अॅपही बनवतायत, आणि एक रुपया यायच्या आधीच भांडण लागलंय. डेव्हलपर म्हणतात प्रत्येक पोस्टच्या कमाईतले २० टक्के आमचे, कारण अॅप आम्ही बांधतोय आणि सर्व्हरचं बिल आम्ही भरतोय. लेखक म्हणतात मजकूरच नसेल तर तुमच्या अॅपमध्ये लोक काय कोरी पाटी बघायला येणार? विचारलंय की योग्य टक्का किती.

मी यात २०१७ पासून आहे. तेव्हा हाईव्ह नव्हतं, ते ज्यातून पुढे वेगळं झालं ते स्टीम होतं. आधी नुसती लिहायचे, मग क्युरेशन करायला लागले (म्हणजे चांगल्या पोस्ट शोधून त्यांना व्होट द्यायचे), आणि पुढे दोन मित्रांसोबत एक छोटं फ्रंटएंड (ब्लॉकचेनवरच्या पोस्ट लिहायची-वाचायची साइट) चालवलं, ज्यात कोड त्यांचा आणि हिशोब, मॉडरेशन, भांडणं मिटवणं माझ्याकडे. त्यामुळे लेखकांच्या शिव्या पण खाल्ल्यात आणि डेव्हलपर्सच्या पण.

टक्क्याचं उत्तर खाली देतेच, पण मला वाटतं तुम्ही भांडण चुकीच्या माणसाशी करताय. लेखक आणि डेव्हलपर एकमेकांच्या ताटाकडे बघत बसतात आणि मधल्या मधे तिसराच जेवून जातो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. तो तिसरा कोण ते आकड्यातच दाखवते.

समजा तुमच्या पोस्टवर १० डॉलर दिसतायत. नवीन माणसाला वाटतं मला १० मिळाले. नाही हो. त्यातले ५ जातात व्होट देणाऱ्यांना, म्हणजे क्युरेटर्सना. उरले ५. आता अॅपने स्वतःला १० टक्के बेनिफिशियरी (म्हणजे लेखकाच्या कमाईतून परस्पर कापला जाणारा वाटा) लावलं असेल तर ते १० टक्के या उरलेल्या ५ मधून कापले जातात, पूर्ण दहातून नाही, म्हणजे अॅपला ५० सेंट आणि लेखकाला साडेचार. या साडेचारपैकी साधारण निम्मे हाईव्ह डॉलरमध्ये (भाव एका डॉलरच्या आसपास राहावा म्हणून बनवलेलं नाणं) हातात येतात आणि निम्मे हाईव्ह पॉवर म्हणून खात्यात अडकतात, ते बाहेर काढायचे तर पॉवर डाऊन लावायचं आणि १३ आठवडे दर आठवड्याला एक-एक तुकडा घ्यायचा. म्हणजे १० दिसले तर हातात लगेच येतात सव्वादोन. आणि लेखकाचा सगळा राग कोणावर? त्या ५० सेंटवर! कारण तो कट अॅपमध्ये समोर दिसतो, त्यावर डेव्हलपरचं नाव असतं. क्युरेशनचे ५ डॉलर कुणाच्या डोळ्यावर येत नाहीत.

आता लेखक-क्युरेटरचं हे निम्मं-निम्मं नेहमी होतं का, तर नाही. स्टीमवर २०१९ च्या ऑगस्टपर्यंत हिशोब वेगळा होता. ब्लॉकचेन दरवर्षी जी नवीन नाणी पाडते त्यातली ७५ टक्के पोस्टच्या बक्षिसांच्या पूलमध्ये जायची, १५ टक्के पॉवर धरून बसणाऱ्यांना, १० टक्के विटनेसना (विटनेस म्हणजे ब्लॉक बनवणारे सर्व्हर चालवणारी मंडळी, आपण मतं देऊन निवडतो ती). पूलमधले ७५ टक्के लेखकाला, २५ टक्के क्युरेटरला. मग हार्डफोर्क २१ आला (हार्डफोर्क म्हणजे चेनच्या नियमांतला मोठा बदल). पूल ७५ वरून ६५ वर आला, कापलेले १० टक्के डेव्हलपमेंटच्या नव्या फंडात गेले, आणि त्याच झटक्यात लेखक-क्युरेटर वाटणी ५०-५० झाली.

तेव्हा आमच्या चॅटमध्ये जो गदारोळ झाला तो सगळा एकाच वाक्याचा होता, डेव्हलपर्सनी आमचे १० टक्के खाल्ले. मी पण आधी तेच म्हणत होते. मग एका रात्री कागद-पेन घेऊन बसले. आधी लेखकांना एकूण नव्या नाण्यांतले किती मिळायचे? ७५ च्या ७५ टक्के, म्हणजे ५६.२५. आता किती? ६५ चे निम्मे, ३२.५. लेखकांचे गेले २३.७५. त्यातले डेव्हलपमेंट फंडाला गेले १०. बाकीचे १३.७५ कुठे गेले? क्युरेटर्सकडे. ते १८.७५ वर होते ते ३२.५ वर पोचले. म्हणजे लेखकांच्या खिशातून जे गेलं त्यातला मोठा भाग डेव्हलपरकडे गेलाच नव्हता, तो ज्यांच्याकडे आधीच भरपूर पॉवर आहे त्यांच्याकडे गेला, कारण क्युरेशनची कमाई व्होटच्या वजनावर आणि व्होटचं वजन खात्यातल्या पॉवरवर. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात तो असा.

पण हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की तो बदल नुसता हावरटपणा नव्हता. २०१८ मध्ये बिडबॉट नावाचा प्रकार इतका माजला होता की विचारू नका. तुम्ही बॉटला पैसे पाठवायचे, तो तुमच्या पोस्टला व्होट विकत द्यायचा, आणि ट्रेंडिंग पानावर सगळ्या विकतच्या पोस्ट. मोठ्या खातेदारांचं गणित सरळ होतं, मन लावून वाचून व्होट दिलं तर २५ टक्क्यातला वाटा, आणि व्होट बॉटला भाड्याने दिलं तर घरबसल्या त्याहून जास्त. वाचेल कोण मग? ५०-५० केल्यावर आणि सोबत दर खात्याला थोडे फुकट डाऊनव्होट दिल्यावर ते दुकान बरंचसं बंद पडलं. तेव्हा लेखकाचा टक्का कमी होऊनही चांगल्या लेखकाच्या हातात जास्त पडलं, अशी उदाहरणं मी बघितलीत. टक्का आणि रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुमच्या लेखक मंडळींना एकदा नीट बसून समजवा.

तर आता मूळ मुद्द्यावर. लेखकाचं काम आणि डेव्हलपरचं काम यांचं घड्याळच वेगळं आहे. पोस्ट टाकली की सात दिवस मोजायचे, सातव्या दिवशी पैसे, आणि त्यानंतर त्या पोस्टला कितीही व्होट पडले तरी शून्य. कोडचं उलटं. सहा महिने खपायचं, त्यात दिसण्यासारखं काही नाही, आणि एकदा चाललं की पुढची पाच वर्षं लोक वापरतात. नाटकवाल्यांकडे बघा, नटाला नाईट मिळते, प्रयोग झाला की पाकीट हातात. पण नेपथ्य करणाऱ्याला कोणी म्हणत नाही की तू सेट बांध आणि मग दर प्रयोगाला टाळ्या किती पडल्या त्यावर तुझे पैसे ठरवू. त्याचे पैसे वेगळ्या बोलीने ठरतात. आपण ब्लॉकचेनवाले मात्र दोघांना एकाच पूलमधून, एकाच व्होटने पैसे द्यायला बघतो आणि मग म्हणतो संतुलन का साधत नाही.

असा प्रयोग झालेला आहे बरं का, आणि चांगल्या मनाने झालेला. यूटोपियन नावाचं एक व्यासपीठ २०१७ मध्ये स्टीमवर सुरू झालं. ओपन सोर्स प्रोजेक्टला तुम्ही काही मदत केली, कोड लिहिला, बग शोधला, भाषांतर केलं, ट्युटोरियल बनवलं, की त्याची पोस्ट लिहायची, मॉडरेटर तपासणार, गुण देणार, आणि त्यानुसार व्होट मिळणार. कल्पना मला आजही आवडते. पण अडचणी बघा. व्होटची ताकद होती ती इतरांनी डेलिगेट केलेली, म्हणजे उसनी, ज्याने दिली तो कधीही काढून घेऊ शकतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार. दुसरं म्हणजे नाण्याचा भाव. २०१८ च्या जानेवारीत स्टीम ८ डॉलरच्या वर गेलं होतं आणि त्याच वर्षी डिसेंबरला अर्ध्या डॉलरच्याही खाली. जानेवारीत कोणी हिशोब मांडून नोकरीचे तास कमी केले असतील तर त्याचं दिवाळीपर्यंत काय झालं असेल? आणि तिसरं, पोस्टवर पैसे मिळतात म्हटल्यावर माणूस पोस्ट बनवतो. एक मोठं काम करण्यापेक्षा त्याचे सहा तुकडे करून सहा पोस्ट टाकणं फायद्याचं ठरतं. कंटाळवाणं देखभालीचं काम, सर्व्हर अपडेट, जुना कोड साफ करणं, त्याची पोस्ट कशी बनणार?

आमच्याकडे काय झालं ते सांगते, छोटीशीच गोष्ट आहे. आमची एक क्युरेशन स्क्रिप्ट होती, ३०० शब्दांच्या वरच्या पोस्ट निवडून यादी करायची, मग ती यादी आम्ही दोघं-तिघं वाचायचो आणि व्होट द्यायचो. साताऱ्याकडच्या एक ताई कास पठारावरच्या फुलांवर लिहायच्या, एका पोस्टला दोन-दोन दिवस घालवायच्या, हजार-बाराशे शब्द सहज. त्यांचं नाव यादीत कधी आलंच नाही. चार महिने. आणि एक भाऊ अर्धं इंग्रजी अर्धं मराठी खरडायचे, ते मात्र हमखास यादीत. ताईंना वाटलं आम्ही कंपू केलाय, शेवटी त्यांनी मला एक लांबलचक मेसेज पाठवला, तो वाचून मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी डेव्हलपर मित्राला म्हटलं जरा बघ बाबा. त्याने स्क्रिप्ट उघडली आणि हसायला लागला, मग गप्प झाला. शब्द मोजायला त्याने जावास्क्रिप्टच्या रेजेक्समधलं बॅकस्लॅश डब्ल्यू (मजकुरातली अक्षरं ओळखायची एक खूण) वापरलं होतं, आणि त्याला फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढंच कळतं. देवनागरी त्याच्या लेखी शब्दच नाही. ताईंच्या बाराशे शब्दांच्या पोस्टची स्क्रिप्टने केलेली मोजणी होती नऊ, आणि ते नऊ म्हणजे फुलांच्या शास्त्रीय नावांचे रोमन शब्द!

दुरुस्त करायला त्याला अर्धा तास लागला. पण तो अर्धा तास चार महिने आला नाही, कारण त्या अर्ध्या तासाचे पैसे कोणाच्या हिशोबातच नव्हते आणि लेखकाने बग सांगायचा कुठे हेही ठरलेलं नव्हतं. लेखक म्हणत होत्या क्युरेटर वाईट, आम्ही म्हणत होतो यादीत आलं नाही म्हणजे पोस्ट लहान असेल, आणि डेव्हलपरला यातलं काही माहीतच नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला, दर पंधरा दिवसांनी एक लेखक आणि एक डेव्हलपर एकत्र बसणार, लेखक स्वतःच्या मोबाईलवर पोस्ट टाकून दाखवणार आणि डेव्हलपरने मध्ये बोलायचं नाही, फक्त बघायचं. त्यातून जेवढं सापडलं तेवढं कुठल्याच मतदानातून सापडलं नाही. जोडाक्षर खोडताना कर्सर कुठल्या कुठे जातो, हे तो शेजारी बसून बघेपर्यंत त्याला पटतच नव्हतं.

बरं, आता तुमचे २० टक्के. डेव्हलपर मंडळींना सांगा, आम्ही हे करून बसलोय. आम्ही १५ टक्के लावले होते. तीन आठवड्यांत निम्मे लेखक पीकडी नाहीतर इसेन्सी या हाईव्हच्याच दुसऱ्या फ्रंटएंडवरून पोस्ट करायला लागले. कारण हाईव्हवर पोस्ट अॅपमध्ये नसते, चेनवर असते. कुठूनही टाका, सगळीकडे दिसते, आमच्या कम्युनिटीतही दिसते. फेसबुकसारखं नाही की माणूस अडकला. इथे लेखकाच्या हातात पळून जायचा दरवाजा कायम उघडा आहे आणि खरं सांगायचं तर लेखकाची खरी ताकद तीच आहे, मतदान-बितदान नंतर. आम्ही ५ टक्क्यावर आलो आणि वर लिहून ठेवलं की हे ५ टक्के कुठे जातात, तेव्हा हळूहळू लोक परत आले. सगळे नाही आले. एकदा बोट दुसऱ्या अॅपला सरावलं की सरावलं.

आणि एक तांत्रिक गोष्ट, बेनिफिशियरी पोस्टवर पहिलं व्होट पडायच्या आधीच लावावं लागतं, नंतर ना वाढवता येतं ना काढता येतं. म्हणजे डेव्हलपरला लेखकाच्या मागे लपून काही करता येत नाही, पण लेखकालाही नंतर पश्चात्ताप करून उपयोग नाही. म्हणून पोस्ट टाकायच्या बटणाच्या शेजारीच टक्का दिसला पाहिजे, सेटिंग्जच्या तिसऱ्या पानात नाही.

५ टक्क्यात घर चालत नाही हे मलाही कळतं. छोट्या कम्युनिटीत तर सर्व्हरचं बिलही निघणार नाही. म्हणून दुसरा खिसा. हाईव्हवर जो डेव्हलपमेंट फंड आहे (सगळे त्याला डीएचएफ म्हणतात) तो याचसाठी. तुम्ही प्रस्ताव टाकायचा, रोजचे अमुक हाईव्ह डॉलर, अमुक दिवसांसाठी, फी १० हाईव्ह डॉलर आणि ६० दिवसांच्या पुढे दर दिवसाला आणखी एक. मग लोक मतं देतात, मत पॉवरच्या वजनाने. पैसे फंडातच परत जावेत असा एक प्रस्ताव रिटर्न प्रपोजल म्हणून ठेवलेला असतो, त्याच्यापेक्षा जास्त मतं मिळाली तर पैसे चालू, आणि कधीही मतं खाली घसरली तर पैसे बंद, तिथल्या तिथे. लोकांना हे क्रूर वाटतं, मला बरं वाटतं, कारण काम थांबलं तर पैसे थांबतात आणि काम चालू असेल तर डेव्हलपरला दर आठवड्याला पोस्ट लिहून टाळ्या मागत बसावं लागत नाही.

त्या फंडात एवढा पैसा आला कुठून, ही कथा माहीत असलेली बरी, कारण लेखक आणि डेव्हलपर एकत्र आले की काय होतं ते त्यात दिसतं. स्टीम सुरू झालं २०१६ मध्ये तेव्हा ते बनवणाऱ्या स्टीमिट कंपनीने सुरुवातीच्याच काळात स्वतःकडे भलामोठा साठा खणून ठेवला होता, तो आपण नेटवर्कच्या विकासासाठी वापरू आणि त्याने मतदान करणार नाही असं सांगत आलेली. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जस्टिन सननी ती कंपनीच विकत घेतली. विटनेस घाबरले, त्यांनी त्या साठ्याचे मतदानाचे आणि हलवायचे अधिकार तात्पुरते गोठवले. मग २ मार्चला बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या एक्सचेंजवर पडून असलेली लोकांची नाणी वापरून मतदान झालं आणि एका झटक्यात वरचे सगळे विटनेस बदलले. पुढचे अठरा दिवस मी विसरणार नाही. ज्या लेखकांनी आयुष्यात कधी विटनेसला मत दिलं नव्हतं, ज्यांना ते पान कुठे आहे हेही माहीत नव्हतं, ते रात्री दोन वाजता एकमेकांना मत कसं द्यायचं शिकवत होते. डेव्हलपर दिवसरात्र फोर्कवर, म्हणजे चेनची वेगळी प्रत काढायच्या कामावर, बसलेले. २० मार्च २०२० ला हाईव्ह वेगळं झालं, बहुतेक सगळ्यांना जेवढ्यास तेवढी नाणी मिळाली, कंपनीचा तो साठा मात्र वगळला आणि पुढे ती कोट्यवधी नाणी याच फंडाकडे वळवली. त्यातून धडा घेऊन हाईव्हवर नियमही केला की नवीन पॉवर घेतली की ३० दिवस तिचं वजन अशा मतदानात धरलं जाणार नाही.

म्हणजे ज्या फंडातून आज डेव्हलपर्सना पैसे मिळतात तो वाचवायला लेखकांची मतं लागली होती, आणि लेखकांच्या जुन्या पोस्ट नव्या चेनवर जशाच्या तशा उभ्या राहिल्या त्या डेव्हलपर्समुळे. दोन्ही बाजूंनी हे विसरायला फार वेळ लागला नाही, ते सोडा.

पण या फंडाची खोट पण सांगते. मत पॉवरवर असल्यामुळे चार-सहा मोठ्या खात्यांनी हो म्हटलं तर प्रस्ताव पास, नाही म्हटलं तर तुमच्या चाळीस लेखकांनी मिळून मत दिलं तरी काटा हलत नाही. इंग्रजीतल्या पायाभूत कामांना पैसे मिळणं सोपं, मराठी टायपिंगच्या अडचणीसाठी कोण मत देणार? म्हणून पहिल्याच दिवशी डीएचएफच्या भरवशावर बजेट करू नका. मी तुमच्या जागी असते तर पहिलं वर्ष छोटं ठेवलं असतं. अॅपचा आग्रहच सोडला असता, खरं तर. हाईव्हवर कम्युनिटी उघडायला ३ हाईव्ह लागतात, मालक, अॅडमिन, मॉडरेटर, सभासद अशी सगळी पदं तयार मिळतात, आणि तयार फ्रंटएंडवर ती लगेच चालते. चार डेव्हलपर्सनी पहिले सहा महिने अख्खं अॅप बांधण्याऐवजी लेखकांना रोज टोचणाऱ्या तीन गोष्टी सोडवाव्यात. ओपन सोर्स फ्रंटएंडमध्ये सुधारणा पाठवता येतात की.

पैशाचं मी असं करेन. पोस्टवर ५ टक्के बेनिफिशियरी, ते कोणा डेव्हलपरच्या खात्यावर नाही, कम्युनिटीच्या खात्यावर. त्यातून आधी सर्व्हर आणि डोमेनचं बिल. उरलेल्याची बक्षिसं कामावर लावायची, म्हणजे लेखकांनी आपल्या अडचणींची यादी करायची, प्रत्येक अडचणीवर एक रक्कम ठरवायची, डेव्हलपरने ती रक्कम आधी बघून काम उचलायचं आणि झालं की ज्या लेखकाने ती मांडली तिनेच वापरून बघून हो म्हणायचं. काम झालं पण लेखकाला वापरता येत नाही, तर ते झालेलं नाही. रक्कम हाईव्ह डॉलरमध्ये ठरवा, हाईव्हमध्ये नको, कारण काम करायला लागलेले तीन आठवडे आणि नाण्याचा भाव यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. आणि क्युरेशनमधून कम्युनिटी खात्याला जे मिळेल ते लेखक-डेव्हलपर दोघांनाही वाटू नका, ते पॉवर म्हणून साठू द्या. वर जो तिसरा म्हटला ना जेवून जाणारा, त्याच्या पंगतीत तुमच्या कम्युनिटीचंही एक पान मांडायचं असेल तर हा एकच रस्ता मला माहीत आहे. दोन वर्षांनी तेच खातं तुमच्या लेखकांना वजनदार व्होट देईल.

स्वतःचं टोकन काढायचा मोह होईल. हाईव्ह-इंजिनवर (हाईव्हला जोडून चालणारी टोकन बनवायची सेवा) तिथलेच १०० बी नावाचे टोकन भरले की तुमच्या नावाचं टोकन तयार, अर्ध्या तासाचं काम. डेव्हलपर खूष, लेखकही खूष, पहिला महिना. मग ते विकत घेणार कोण? ज्यांना ते फुकट मिळालंय तेच विकायला उभे, समोर गिऱ्हाईक नाही. स्टीमवर २०१७ मध्ये स्मार्ट मीडिया टोकनची घोषणा झाली होती, प्रत्येक कम्युनिटीला आपलं टोकन, आपले नियम. लोक वर्षानुवर्षं त्याच्या आशेवर बसले. २०१८ च्या नोव्हेंबरात स्टीमिट कंपनीने सत्तर टक्क्यांच्या आसपास माणसं कमी केली, आणि ते टोकन मुख्य चेनवर कधी आलंच नाही. त्या काळात लेखकांना दर महिन्याला सांगितलं जायचं की थोडं थांबा. डेव्हलपरने लेखकाला तारीख द्यायची तर ती पाळता येईल अशी द्यावी, नाहीतर देऊ नये. सांगितलंच नाही तर आणखी वाईट. २०१८ च्या सप्टेंबरात हार्डफोर्क २० ने रिसोर्स क्रेडिट आणले (खात्यातल्या पॉवरनुसार किती पोस्ट-कमेंट करता येतील याचा कोटा), कल्पना बरोबर होती, पण सुरुवातीची मोजमापं चुकल्यामुळे छोट्या खात्यांना साधी कमेंटही टाकता येईना. डेव्हलपर्सनी ते नंतर नीट केलं, पण ज्यांची पहिलीच पोस्ट अडकली त्यातले कितीतरी परत फिरकले नाहीत. मोठा बदल करायच्या आधी दोन छोट्या, गरीब खात्यांवर चालवून बघायचा, स्वतःच्या भरलेल्या खात्यावर नाही.

किल्ल्यांचं, म्हणजे की चं, आजच ठरवा. पोस्टिंग की ने फक्त पोस्ट, व्होट, कमेंट होतं. अॅक्टिव्ह की ने पैसे हलतात. कम्युनिटी खात्याची अॅक्टिव्ह की एका डेव्हलपरच्या लॅपटॉपवर असणं ही तुमच्या भांडणाची पुढची पायरी आहे, लिहून ठेवा. हाईव्हमध्ये एका खात्यावर अनेकांच्या सह्या बंधनकारक करता येतात. तीन जण ठेवा, दोन लेखक आणि एक डेव्हलपर, तिघांपैकी दोघांनी सही केल्याशिवाय पैसे हलणार नाहीत. हे सेट करायला डेव्हलपरच लागेल, आणि त्याने ते स्वतःहून केलं तर लेखकांचा अर्धा संशय तिथेच जातो.

टॅक्सचं विचारलं नव्हतंत पण भारतात बसून करताय म्हणून सांगते. क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, २०२२ च्या एप्रिलपासून, आणि एकातला तोटा दुसऱ्यात वळता करता येत नाही. विक्रीवर १ टक्का टीडीएस २०२२ च्या जुलैपासून. त्यामुळे ते ५ टक्के सोडून बाकी सगळ्यांचे पैसेही एका खात्यात गोळा करून मग वाटायचे ठरवाल तर ते नेमकं कोणाचं उत्पन्न, यावरून वर्षअखेरीला डोकेदुखी होईल. बेनिफिशियरीतून थेट ज्याच्या-त्याच्या खात्यात गेलेलं बरं. तरी सीएला विचारा, आणि विचाराल तेव्हा एका पोस्टचा पूर्ण हिशोब छापून घेऊन जा, नुसतं तोंडी सांगून त्यांना कळत नाही, मला अनुभव आहे.

शेवटी एकाने विचारलंय की डेव्हलपर्सनी पण पोस्ट टाकून कमवावं का. टाकावी की. पण महिन्याला एक, मराठीत, काय मोडलं होतं आणि काय दुरुस्त केलं एवढंच, आणि ती लेखकांपैकी कोणीतरी आधी वाचून कळतंय का ते सांगावं. आमच्या मित्राने त्या शब्दमोजणीच्या चुकीवर अशी पोस्ट लिहिली होती, साताऱ्याच्या ताईंना त्यात त्याने ३० टक्के बेनिफिशियरी लावलं, त्यांना न विचारता. त्यांनी ते पैसे आल्यावर तेवढ्याच रकमेचं नवं काम यादीत टाकलं, र ला ह जोडून ऱ्ह केला की फॉन्ट का तुटतो ते बघा म्हणून. ते अजून पूर्ण सुटलेलं नाही.